घरच्या छपाईचा हिशेब

घरासाठी प्रिंटर घ्यावयास निघालेला गृहस्थ दुकानात शिरताच पहिला प्रश्न विचारतो तो यंत्राच्या किमतीचा. प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. म्हैस विकत घेणारा शेतकरी तिच्या किमतीबरोबर तिच्या वैरणीचाही विचार करतो. प्रिंटर हेही एक दावणीला बांधलेले जनावरच होय. त्याला कागद लागतो, वीज लागते आणि मुख्यतः शाई लागते. विक्रेते हे पुरते ओळखून असतात. म्हणूनच कित्येक यंत्रे चार-साडेचार हजारांत मिळतात, आणि त्यांत घालावयाची शाईची डबी हजाराच्या घरात जाते. यंत्र स्वस्त देऊन शाईवर कमाई करावयाची, हा त्या व्यापाराचा उघड रिवाज आहे. त्यात फसवणूक आहे असे म्हणता येणार नाही. हिशेब न करणाऱ्याला मात्र तो भोवतो.

मध्यमवर्गीय कुटुंबात छापावयाचे काम तरी किती असते? मुलांच्या शाळेतील प्रकल्प, सरावाच्या प्रश्नपत्रिका, निरनिराळे अर्ज, प्रवासाची तिकिटे, निवृत्त माणसाचे पेन्शनीचे आणि बँकेचे कागद. शिवाय घरात वडीलधारे कोणी असल्यास त्यांच्यासाठी मोठ्या टाइपात छापलेले एखादे स्तोत्र किंवा लेख. फोनच्या पडद्यावर अक्षर कितीही मोठे करता येत असले, तरी सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना कागदच मानवतो. इंदूर, बडोदे किंवा बंगळूर येथील मराठी घरांत या शेवटच्या उपयोगाला विशेष मोल आहे. कारण मोठ्या टाइपातील मराठी मजकूर कोपऱ्यावरच्या दुकानात सहजासहजी मिळत नाही. या सर्व कामांत रंगाची गरज क्वचितच पडते. काळ्या अक्षरांवर भागते.

परंतु किती छापावयाचे यापेक्षाही केव्हा छापावयाचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. घरातील छपाई नियमित नसते. तीन-तीन आठवडे यंत्राला हात लागत नाही, आणि एके दिवशी रात्री दहा वाजता मुलाला आठवते की उद्या सकाळी चाळीस पानांचा प्रकल्प द्यावयाचा आहे. यंत्राची निवड कशी करावी याचे उत्तर या अनियमितपणातच दडलेले आहे.

बाजारात घरगुती प्रिंटर स्थूलमानाने तीन प्रकारचे मिळतात. पहिला शाईच्या लहान डबीचा, म्हणजे कार्ट्रिजचा. दुसरा शाईच्या टाकीचा. आणि तिसरा कोरड्या पुडीचा, ज्याला लेझर म्हणतात. पहिल्या दोहोंचे तत्त्व एकच आहे. केसाहूनही बारीक अशा छिद्रांतून शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडविले जातात. १९७७ मध्ये जपानमधील कॅनन कंपनीच्या एका संशोधकाच्या हातून डाग देण्याची तापलेली सळई शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या तोंडून शाई उडाली. त्या अपघातातून उष्णतेने शाई उडविण्याची एक पद्धत निघाली. कल्पना चतुर आहे यात शंका नाही. पण शाई द्रव आहे, आणि वाळणे हा तिचा धर्मच आहे. मे महिन्यात घराला कुलूप लावून गावी गेलेले कुटुंब जूनमध्ये परतते, शाळा सुरू होते, कोणी तरी प्रिंटर चालू करतो, आणि कागदावर अक्षरांऐवजी पांढऱ्या रेघांचे पट्टे उमटतात. छिद्रे बुजलेली असतात. ती मोकळी करण्यासाठी यंत्र स्वतःच शाई सोडून धुलाई करते. ती शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषकात जाऊन बसते. म्हणजे मालकाने पैसे मोजलेल्या शाईचा बराच भाग कागदापर्यंत पोहोचतच नाही. कित्येक यंत्रे तर रंगीत डबी रिकामी झाली की काळे अक्षरही उमटवीत नाहीत. केवळ काळे छापणाऱ्या गृहस्थाला हा अन्याय वाटला तर नवल नाही.

कोरड्या छपाईचा इतिहास थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे. कारण त्याच्या मुळाशीही काटकसरच होती. न्यूयॉर्कमधील चेस्टर कार्लसन हा एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करणारा माणूस. पेटंटच्या कागदांच्या प्रती कधी पुरेशा नसत. पुन्हा टंकलिखित कराव्यात तर वेळ जाई, छायाचित्रे घ्यावीत तर पैसा जाई. ओल्या रसायनांवाचून प्रत काढता येईल काय, या विचाराने त्याला पछाडले. अस्टोरिया या उपनगरात त्याने एक खोली घेतली आणि ओटो कॉर्नाय या साहाय्यकास हाताशी धरले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्यांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, तो रुमालाने घासून विद्युत्‌भारित केला, काचेवर शाईने लिहिलेली तारीख आणि स्थळाचे नाव त्यावर धरले आणि काही क्षण प्रखर प्रकाश पाडला. मग त्यावर एका वनस्पतीची बारीक पूड भुरभुरली आणि फुंकर मारली. पूड उडून गेली. अक्षरांच्या जागी तेवढी चिकटून राहिली. मेणकागदावर ती दाबून घेताच जगातील पहिली कोरडी प्रत तयार झाली. पुढे या रीतीला ‘कोरडे लेखन’ या अर्थाचे ग्रीक शब्दांवरून नाव देण्यात आले. त्याचाच एक तुकडा ‘झेरॉक्स’ म्हणून मराठीत घरचा होऊन बसला आहे.

कार्लसनच्या कल्पनेवर आधारलेले कार्यालयीन यंत्र १९५९ मध्ये बाजारात आले, ते जवळजवळ ३०० किलो वजनाचे होते. १९७१ च्या सुमारास गॅरी स्टार्कवेदर या अभियंत्याने याच तत्त्वाला लेझर किरणाची जोड दिली. काचेवरील अक्षराची सावली पाडण्याऐवजी किरणानेच ड्रमवर अक्षर रेखाटावयाचे, त्याला पूड चिकटवावयाची, ती कागदावर उतरवावयाची आणि तापलेल्या रुळाखालून कागद नेऊन वितळवून पक्की करावयाची, अशी ही रीत. १९८४ मध्ये टेबलावर मावणारा जो लेझर प्रिंटर ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने विकावयास काढला, त्याची किंमत ३,४९५ डॉलर होती. आज त्याच जातीचे, त्याहून वेगवान यंत्र भारतात साधारण दहा ते पंधरा हजार रुपयांत घरी येते. पुडीला वाळण्याची भीती नाही. ती आधीच कोरडी आहे. दोन महिने बंद राहिलेले यंत्र चालू केले तरी पहिले पान दुसऱ्या पानासारखेच निघते.

आता थोडे गणित करणे भाग आहे. गावोगावच्या किमती वेगळ्या असतात आणि बदलत राहतात, म्हणून पुढील आकडे केवळ हिशेबापुरते धरावेत. एक कुटुंब महिन्याला ६० पाने छापते. पाच वर्षांत ३,६०० पाने झाली. कार्ट्रिजचे यंत्र ४,००० रुपयांचे. ९५० रुपयांची काळी डबी १९० पाने देते असे मानल्यास पानास ५ रुपये पडले, म्हणजे पाच वर्षांची शाई १८,००० रुपयांची आणि एकूण खर्च २२,०००. लेझरचे यंत्र ११,००० रुपयांचे. ३,००० रुपयांचा टोनर १,५०० पाने देत असेल तर पानास २ रुपये, आणि एकूण खर्च १८,२००. टाकीचे यंत्र १२,००० रुपयांचे. शाईच्या एका बाटलीत साडेचार हजार पाने निघत असल्यास पानास दहा-बारा पैसे, आणि एकूण खर्च साडेबारा हजारांच्या आत. कागद तिन्हींना सारखाच लागतो. ५०० पानांचे रीम ३०० रुपयांना धरले तर पानामागे साठ पैसे त्यात मिळवावयाचे.

हे गणित पाहून टाकीच्या यंत्राकडे मन ओढ घेईल, आणि काही घरांच्या बाबतीत ते योग्यही आहे. ज्या घरात शिकवणी चालते, दररोज दहा-वीस पाने छापली जातात, तेथे शाई वाहती राहते आणि टाकीइतके स्वस्त दुसरे काही नाही. पण जे यंत्र आठवडेच्या आठवडे झाकून ठेवलेले असते, त्याच्या बाबतीत हे गणित कागदावरच राहते. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत एकदा ‘हेड बसले’ म्हणजे ते बदलण्यात नव्या यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. आणि लेझरच्या हिशेबात वर जो नव्या टोनरचा आकडा धरला आहे, तो भारतातील बहुतेक घरे प्रत्यक्षात मोजीतच नाहीत. दिल्लीचे नेहरू प्लेस असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, की एखाद्या तालुक्याच्या गावची गल्ली असो, रिकामा टोनर पुन्हा भरून देणारा कारागीर बहुधा सापडतो. भरणावळ ४०० रुपये धरली तर पाच वर्षांत दोन-तीन वेळा भरून काम भागते, आणि लेझरचा खर्च टाकीच्या यंत्राच्या बरोबरीस येतो. वाळण्याची धास्ती नाही हा लाभ वेगळाच. अनियमित आणि केवळ काळी छपाई करणाऱ्या घराने लेझरच घ्यावा, या मताला खरा आधार आहे तो या कारागिराचा.

मात्र यात एक मेख आहे. काही टोनरांवर लहानशी चिप बसविलेली असते. ती भरलेला किंवा परका टोनर ओळखून यंत्रास अडविते. म्हणून यंत्र पसंत करण्यापूर्वी कंपनीच्या विक्रेत्याकडे नव्हे, तर गावातील भरणाऱ्याकडे जाऊन कोणते मॉडेल सहज भरले जाते याची चौकशी करावी. त्याचे उत्तर जाहिरातीपेक्षा अधिक भरवशाचे असते. भरलेला टोनर गळण्याचा संभव असतो आणि हमीच्या मुदतीत त्यावरून वादही निघू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. यंत्राबरोबर येणारा पहिला टोनर बहुधा पूर्ण भरलेला नसतो, हे तर कित्येकांना पाचशे-सातशे पाने झाल्यावरच कळते. काही यंत्रांत ड्रम टोनरपासून वेगळा असतो. तो दहा-बारा हजार पाने टिकतो आणि घरगुती उपयोगात त्याची काळजी वर्षानुवर्षे करावी लागत नाही.

टोनरच्या खोक्यावर छापलेला पानांचा आकडाही जपून वाचावा. तो आंतरराष्ट्रीय मानकाच्या ठरावीक मजकुरावरून काढलेला असतो, आणि त्या मजकुरात पानाचा साधारण वीसावा भागच काळा असतो. दाट छापलेले, चौकटींनी भरलेले किंवा चित्रांचे पान त्याच्या दुप्पट-तिप्पट पूड खाते. पूड वाचविण्यासाठी यंत्रात फिकट छपाईची सोय असते. इंग्रजी मजकुरासाठी ती पुरते. देवनागरीत मात्र अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांचे बारीक पाय फिके पडून नाहीसे होतात. ज्या आजोबांसाठी पान छापावयाचे, त्यांनाच ते वाचता येऊ नये, ही काटकसर काय कामाची? त्यापेक्षा कागदाच्या दोन्ही बाजूंस आपोआप छापणारे यंत्र घ्यावे. त्यासाठी हजार-दोन हजार अधिक पडले तरी कागद जवळजवळ निम्म्यावर येतो.

विजेची बाबही विसरून चालणार नाही. पूड वितळविण्यासाठी लेझर यंत्राचा रूळ तापतो तेव्हा ते काही क्षण शेकडो वॉट वीज ओढते. घरातील लहान इन्व्हर्टरवर किंवा संगणकाच्या यूपीएसवर ते जोडू नये. ते थेट भिंतीतील जोडणीवरच असावे. शाईच्या यंत्राला फार थोडी वीज लागते. जेथे वीज वारंवार जाते आणि इन्व्हर्टरवरच काम चालवावे लागते, तेथे वरील सर्व युक्तिवाद बाजूस ठेवून टाकीचे यंत्र घेणे आणि आठवड्यातून एखादे पान काढून ते वाहते ठेवणे, हेच शहाणपणाचे ठरेल.

आणि ज्या घरात महिन्याला वीस पानेही छापली जात नाहीत, त्याने यंत्र मुळीच घेऊ नये. दुकानात पानास ५ रुपये पडले तरी पाच वर्षांत ६,००० रुपये होतात. एवढ्यात चांगले नवे लेझर यंत्र येत नाही. दुकानाची अडचण पैशाची नाही, ती कागदपत्रांच्या गुप्ततेची आहे. आधार कार्ड, बँकेचा उतारा, वैद्यकीय अहवाल हे दुकानदाराच्या फोनवर पाठवावे लागतात आणि छपाईनंतर तेथेच राहून जातात. समोर उभे राहून ते पुसून टाकावयास सांगणे संकोचाचे वाटते, पण सांगावे. चांगला दुकानदार रागावत नाही. ज्यांना असे कागद वारंवार छापावे लागतात, त्यांच्यासाठी घरच्या यंत्राची किंमत थोडी अधिक असली तरी ती रास्त मानता येते. अशांनी प्रत काढण्याची काच असलेले यंत्र घ्यावे, म्हणजे झेरॉक्सची फेरीही वाचते.

यंत्र घरी आल्यावर त्याच्याइतकीच काळजी कागदाची घ्यावयास हवी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, उघडे पडलेले रीम हवेतील ओल पिते. पाने वाकतात आणि दोन-दोन मिळून यंत्रात शिरून अडकतात. दोष यंत्राला दिला जातो. ट्रेमध्ये चार दिवसांपुरतीच पाने ठेवून उरलेली मूळच्या वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवली, तर हा त्रास पुष्कळसा कमी होतो. आणि लेझरवर छापलेले महत्त्वाचे कागद मऊ प्लास्टिकच्या फायलीत वर्षानुवर्षे दाबून ठेवू नयेत. पुडीची अक्षरे पानावरून उठून त्या प्लास्टिकला चिकटतात. त्यांच्यासाठी जुनी पुठ्ठ्याची फाइलच बरी.