दत्तकाचा वारसाहक्क आणि आपले कर्तव्य



दत्तक हा विषय आपल्यास नवा नाही. ज्यांच्या वंशावळीत एकही दत्तक आढळणार नाही, अशी घराणी थोडीच असतील. तथापि दत्तकविधानाचा समारंभ जितक्या थाटाने होतो, तितक्या काळजीने त्या मुलाच्या वारसाहक्काचा विचार होत नाही. या उपेक्षेचे फळ घेणाऱ्यास नव्हे, तर घेतलेल्या मुलास भोगावे लागते. यास्तव त्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

१८५३ साली झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला आणि १८५४ साली कंपनी सरकारने तो नाकारून राज्य खालसा केले, हे सर्वश्रुत आहे. राज्याची गोष्ट मोठी. परंतु दत्तकाचा हक्क इतरांच्या मर्जीवर राहिला म्हणजे काय होते, हे सामान्य घरासही तिच्यावरून कळावे.

पूर्वी आपल्या मुंबई इलाख्यात विधवेस पतीच्या अनुज्ञेवाचूनही दत्तक घेता येई, आणि तो दत्तक पतीच्या मृत्युदिनापासूनच पुत्र मानला जाई. त्यामुळे झालेल्या वाटण्या वर्षानुवर्षांनी उलगडत आणि भाऊबंदकी कोर्टाच्या पायरीवर जाई. २१ डिसेंबर १९५६ पासून अंमलात आलेल्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने हा गुंता सोडविला. दत्तक झाल्या दिवसापासून ते मूल सर्व बाबतींत घेणाऱ्या आईबापांचे अपत्य ठरते. जन्मघराशी त्याचा वारसासंबंध तुटतो. मात्र दत्तकापूर्वी त्याच्या मालकीची झालेली मिळकत त्याचीच राहते. तसेच दुसऱ्या कोणाकडे आधीच गेलेली मिळकत दत्तकास काढून घेता येत नाही. याच कायद्याने कन्याही दत्तक घेता येऊ लागली, ही विशेष संतोषाची गोष्ट होय.

परंतु तीन ठिकाणी आपले लोक फसतात. पहिले असे की, केवळ पोसल्याने, शाळेत आपले आडनाव लाविल्याने किंवा लग्न लावून दिल्याने मूल दत्तक होत नाही. देणे आणि घेणे प्रत्यक्ष घडले पाहिजे. दत्तहोम न झाला तरी चालतो. देणेघेणे मात्र चुकता कामा नये. पोसलेला मुलगा म्हाताऱ्यांची जन्मभर सेवा करतो आणि त्यांच्या पश्चात पुतणे येऊन त्यास घराबाहेर काढतात, यासारखी दुःखाची गोष्ट नाही.

दुसरे असे की, दत्तक घेतल्याने आईबापांचा स्वतःची मिळकत विकण्याचा वा मृत्युपत्राने देण्याचा अधिकार, तसा करार नसल्यास, नष्ट होत नाही. म्हणून मुलास काय द्यावयाचे ते हयातीतच लिहून ठेवावे.

तिसरे न्यासाविषयी. कित्येक घराण्यांत देवस्थानाची वहिवाट वा कुटुंबाचा खाजगी न्यास असतो. त्याच्या लेखात ‘औरस वंशज’ असे शब्द असल्यास ते दत्तकाच्या आड येऊ शकतात. लेख करतानाच ‘औरस अथवा दत्तक अपत्य’ असे स्पष्ट लिहावे. सार्वजनिक न्यासाची मालमत्ता मात्र कोणाच्याच वारशाची नसते. तेथे औरसानेही हक्क सांगू नये.

यावर उपाय सोपा आहे. दत्तकपत्र देणाऱ्या व घेणाऱ्या दोन्ही पक्षांच्या सह्यांनी नोंदवून घ्यावे. अशा नोंदलेल्या पत्रावरून, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, दत्तक कायदेशीर मानला जातो. अनाथ बालक घ्यावयाचे असल्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याची रीत पाळावी. त्या मुलासही वारशाचा पूर्ण हक्क मिळतो. आपल्या ज्ञातीतील वकीलबंधूंनी गरीब कुटुंबांचे असे लेख विनामूल्य तपासून द्यावेत, अशी आमची नम्र विनंती आहे.

मूल मांडीवर घेणे हे प्रेमाचे कृत्य होय. त्याचा हक्क कागदावर आणणे हे त्या प्रेमाचेच कर्तव्य होय. घेतलेल्या लेकरास आपल्या पश्चात आपल्याच घरात परके व्हावे लागू नये, एवढी तजवीज प्रत्येकाने करावी, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.