विहिरीतला चमकणारा खडा



आपल्या जांभूळ-अंबरनाथकडे सगळा काळा कातळ. अंबरनाथचे शिवमंदिर याच दगडाचे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस वर आला अन् थिजला. त्यात वाफेच्या फुग्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे पाणी झिरपले. त्यात विरघळलेला चुना पोकळीत साठून चमकदार खडे बनले. हाच कॅल्साइट.

चुनखडीही मुख्यतः कॅल्साइटच. ती भाजली की चुना होतो. अजिंठ्याला मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन चित्रे काढली. हवा लागून तो चुना पुन्हा कॅल्साइट बनतो, म्हणून टिकतो.

स्वच्छ खडा छापील अक्षरावर ठेवा. एकाची दोन अक्षरे दिसतील! डेन्मार्कच्या बार्थोलिनने १६६९ साली हे लिहून ठेवले.

विहीर खणताना असा खडा निघाला, की कुणी म्हणतं, "हिरा हाय, घ्या स्वस्तात!" कर्ज काढून घेऊ नका. आधी सुरीने खरवडा. पूड निघाली तर तो हिरा नव्हे. पुडीवर लिंबू पिळा. बुडबुडे आले, तर चुन्याचाच खडा समजा.

पारख करा, मगच पैसा सोडा.