इनामगावची माणसं

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. घरं, चुली, धान्याच्या कणग्या, जनावरांची हाडं, असं बरंच काही सापडलं.

पण मन थबकतं ते दफनांपाशी. लहान मूल गेलं की ते दोन मडक्यांत ठेवत, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांना उताणं निजवत. मात्र अनेकांची पावलं घोट्यापासून तोडलेली आढळतात. मृताने परत येऊन भटकू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

एक पुरुष मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला मिळाला, पावलं शाबूत. तो गावचा प्रमुख असावा, असं मानतात. म्हणजे मरणातही मान सगळ्यांना सारखा नव्हता!

पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावचे अवशेष आहेत. मुलांना घेऊन एकदा जरूर जा.