लांबची सायकलफेरी आणि पायडलाचा चाप

रविवारीं पहाटे मुलुंडच्या चेकनाक्यापाशीं, अथवा बोरिवलीस राष्ट्रीय उद्यानासमोरच्या महामार्गावर घटकाभर उभें राहिलें, तर सायकलस्वारांचा एखादा जथा दिव्यांच्या लुकलुकाटांत पुढें सरकतांना दिसतो. निघतांना त्यांच्या पायांखालून ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. बुटाच्या तळाशीं बसविलेली खुंटी पायडलाच्या चापांत अडकल्याचा तो आवाज. या पायडलास बाजारांत ‘क्लिपलेस’ म्हणतात. नवख्याला हें नांव चकविणारें आहे, कारण पाय तर त्यांत पक्का अडकतो! पूर्वीं शर्यतीचे स्वार चवड्यावरून पोलादी पिंजरा व चामडी पट्टा घेत. तो पिंजरा म्हणजे ‘क्लिप’. ती येथें नाहीं, एवढाच त्या नांवाचा अर्थ.

इटलीच्या चिनेली यांनीं १९७१ सालीं असें एक पायडल काढलें होतें. पण त्यांतून पाय सोडविण्यास हातानें खटका सरकवावा लागे. पुढें बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्यांचे चाप बनविणाऱ्या ‘लुक’ या फ्रेंच कारखान्यानें १९८४ सालीं आपली तीच विद्या सायकलीला लाविली. टाच बाहेर वळविली कीं बूट सुटला! दुसऱ्याच वर्षीं बर्नार इनो यांनीं तीं पायडलें वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली आणि पिंजऱ्याचे दिवस भरले. १९९० सालीं जपानच्या शिमानोनें लहानशी धातूची खुंटी तळव्याच्या खोबणींत बसविली, तेव्हांपासून स्वाराला खालीं उतरून चारचौघांसारखें चालतांही येऊं लागलें. रस्त्यावरच्या शर्यतीची मोठी खुंटी मात्र तळव्याबाहेर येते. ती घालून स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर चालणें ही एक कसरतच आहे.

आतां मुलुंडच्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. कचेरी सांभाळून वर्षभर सराव केलेला, आणि प्रथमच दोनशें किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ फेरीसाठीं नांव दिलेलें. ही शर्यत नव्हे; साडेतेरा तासांत अंतर पुरें करावयाचें, इतकेंच. मित्रांच्या आग्रहावरून त्यानें नवीं पायडलें व बूट मागविले, आणि खोकें घरीं आलें तें फेरीला आठ दिवस उरले असतांना. खोकें उघडतांच पत्नी म्हणते, “अहो, नवे जोडे घालून लग्नाला गेलांत, तर दोन दिवस लंगडत होतांत. आणि आतां दोनशें किलोमीटर?” गृहस्थ हसण्यावारी नेतो, पण शास्त्र त्या माउलीच्याच बाजूचें आहे.

स्वार मिनिटाला ऐंशी फेरे मारीत दहा तास चालला, तर प्रत्येक गुडघा अठ्ठेचाळीस हजार वेळां वांकतो. साध्या पायडलावर पाऊल आपली सोईची जागा आपणच शोधतें. चापांत तें एका जागीं खिळलें जातें. खुंटी थोडीशी तिरपी बसली, तर तोच तिरपेपणा गुडघ्याला अठ्ठेचाळीस हजार वेळां सोसावा लागतो. पहिल्या वीस किलोमीटरांत कांहींच जाणवत नाहीं. शहापूर मागें पडतें, कसाऱ्याचा चढ समोर येतो आणि गुडघ्याच्या बाजूला कळ उमटूं लागते. खुंटी चवड्याच्या हाडाखालीं किंवा किंचित् मागें असावी, टांच स्वाभाविक कोनांत राहावी, तळवा व पायडल यांची जाडी बदलल्यानें बैठकीची उंचीही पुन्हां मोजावी. या गोष्टी एका संध्याकाळीं जमत नाहींत. थोडें चालवावें, पान्यानें केसभर सरकवावें, पुन्हां चालवावें, असे दोन-तीन आठवडे सहज जातात.

दुसरी गोष्ट पडण्याची. चापाच्या पायडलांवर नवखा पडतो तो बहुधा वेगांत नव्हे, तर थांबतांना! घाटकोपरला सिग्नल लाल होतो, संवयीप्रमाणें पाय सरळ वर उचलला जातो, आणि तो येतच नाहीं. कारण टांच बाहेर वळवावयाची असते. सायकल जागच्या जागीं कलते. डावीकडे पडला तर कोपर खरचटतें आणि बघे हसतात. उजवीकडे पडला तर तेथें बस असते. म्हणून थांबण्याच्या बरेंच आधीं डावा पाय सोडवावा व शरीराचा तोल डावीकडे ठेवावा, हा नियम अंगवळणी पडेपर्यंत महामार्गावर जाऊंच नये. प्रथम इमारतीच्या आवारांत भिंतीला हात टेकून पन्नास वेळां पाय अडकवावा व सोडवावा. नंतर मैदानांतील मऊ मातीवर. मग आरे वसाहतीच्या रस्त्यांवर, रहदारी जागी होण्यापूर्वीं. चापाची कमान सैल करण्याचा स्क्रू पायडलावरच असतो. नवख्यानें तो पुष्कळ सैल ठेवावा.

इतका खटाटोप करून लाभ काय? ‘पाय वर ओढूनही जोर लावतां येतो’ असें विक्रेते सांगतात. प्रयोगशाळेंतील मोजणी त्याला फारसा दुजोरा देत नाहीं. मुद्दाम वर ओढणाऱ्याचा श्रम उलट वाढतो, असें आढळलें आहे. खरा लाभ निराळा. खड्ड्यांतून वा पावसांत पाऊल घसरत नाहीं, आणि दहाव्या तासाला थकलेल्या पायाला आपली जागा सांभाळावी लागत नाहीं. हा लाभ लहान नाहीं. तो सरावानंतरचा आहे, एवढेंच.

१९२३ च्या ऑक्टोबरांत सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीनें जगप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्यें ती पुरी करून परतले. चापाच्या पायडलांचा बाजार तेव्हां नव्हता. तेव्हां मुलुंडच्या गृहस्थानें खोकें तूर्त माळ्यावर ठेवावें आणि ओळखीच्या जुन्या पायडलांवरच फेरी करावी. फेरी संपल्यावर आठवडाभर विसांवा घेऊन तें खालीं काढावें. जुनीं पायडलें काढतांना डावीकडच्याचा आटा उलटा असतो हें ध्यानांत ठेवावें, नाहींतर पाना आणि माणूस दोघेही हट्टाला पेटतात. आणि फेरी पावसाळ्यांतली असेल, तर खुंटींत चिखल भरून चाप लागेनासा होतो; त्यासाठीं खिशांत एखादी काडी असूं द्यावी.