आवाजामागची तार



अध्यक्षीय भाषणात सगळ्या विषयांना स्पर्श करायची आपल्याकडे रीत आहे. मी ती आज मोडणार आहे. मी एकाच घराण्याच्या कागदांबद्दल बोलेन, आणि त्या वाटेने आपल्या नगरच्या माळ्यांवरच्या कागदांकडे येईन.

ते घराणे मोटवाने यांचे. सभागृहात आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमधून शिकलेले जे कोणी असतील, त्यांच्या हातात 'मोटवाने'चा मल्टिमीटर कधी ना कधी आला असेल. कारखाना शेजारच्याच नाशिकला. पण या घराण्याची कथा सुरू होते सिंधमधल्या सक्करला, 1909 साली. ज्ञानचंद मोटवाने यांनी तिथे विजेच्या सामानाचा व्यवसाय काढला, तो कराचीला नेला आणि 1919 मध्ये मुंबईत आणला. टेलिफोन, मग रेडिओ, मग ध्वनिक्षेपक असा तो वाढत गेला. व्यापारी नाव 'शिकागो रेडिओ'. मालक सिंधी, गिऱ्हाईक हिंदी, नाव अमेरिकेतल्या शहराचे! त्या काळी विजेच्या मालाला परदेशी नावाशिवाय भाव नसावा.

ज्ञानचंदांचे चिरंजीव नानिक मोटवाने हे आपल्या विषयाचे खरे नायक. गांधीजींचा आवाज बारीक. सभा प्रचंड, ध्वनिक्षेपक नाही. मग एकाच मैदानात एका व्यासपीठावरून दुसऱ्यावर जाऊन तेच पुन्हा सांगायचे. हे पाहून सभांना ध्वनिक्षेपक पुरवायचे आपल्या मनाने घेतले, असे नानिक पुढे सांगत. 1931 च्या कराची अधिवेशनाच्या सुमारापासून काँग्रेसच्या सभांना 'शिकागो रेडिओ'चे कर्णे लागू लागले. गांधीजी आणि नेहरूंची त्या काळातली कितीतरी छायाचित्रे आपण पाठ्यपुस्तकांत पाहिली आहेत. ती पुन्हा काढून बघा. मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ'ची पाटी स्वच्छ वाचता येते. देशभक्ती होती, तशी ती जाहिरातही होती. यात संकोचण्यासारखे काही नाही. उद्योजकाने दोन्ही एका खांबावर बांधले, एवढेच.

आणि त्याने ते जपूनही ठेवले. सभांची छायाचित्रे, चित्रफिती, भाषणांची ध्वनिमुद्रणे असा संग्रह या कुटुंबाने सांभाळला, आणि अभ्यासक आज त्यावर काम करत आहेत. पण मला इथे एक कुरकुर करायची आहे. अशा संग्रहांकडे आपण जातो ते नेत्यांना शोधायला. गांधीजी सापडले की आपले काम झाले. त्यांच्या मागे खांबावर चढलेला वायरमन कोणाला हवा असतो?

मला तो हवा आहे. जरा त्या काळातल्या मैदानाची कल्पना करा. वीज नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालवायला बॅटऱ्या हव्यात किंवा जनरेटर हवा. बॅटऱ्या चार्ज करून आणायच्या, त्या रेल्वेने पाठवायच्या, स्टेशनावरून बैलगाडीत चढवायच्या, ॲसिड सांडू द्यायचे नाही. तार जितकी लांब, तितका आवाज वाटेत मरतो. कर्णा मायक्रोफोनच्या समोर आला की शिट्टी वाजते आणि हजारो माणसे कानांवर हात ठेवतात. कर्णा कुठे लावायचा, हा म्हणूनच तंत्राचा प्रश्न. पण तो सत्तेचाही प्रश्न आहे. मंडपात स्त्रियांची बसायची जागा वेगळी असे. कर्णे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, तर एक तिकडे वळवला होता की नाही? मैदानाच्या कडेला उभे राहणाऱ्यांपर्यंत शब्द पोहोचले की नुसता गलका? भाषणाच्या छापील प्रतीत याचे उत्तर मिळणार नाही. ते मिळाले तर मैदानाच्या कच्च्या नकाशावर, तारेच्या बिलात, रेल्वेच्या पावतीत, मिस्त्रीच्या भत्त्याच्या नोंदीत मिळेल. कोणत्या सभेत श्रोता कोणाला मानले होते, हे वायरिंगवरून वाचता येते. हे माझे आजच्या भाषणातले एकमेव म्हणणे आहे. बाकी सगळा त्याचा पुरावा.

असे बाजूचे कागद किती मोलाचे, याच्या पुराव्यासाठी 1942 मध्ये, आपल्याच गावात या. 9 ऑगस्टच्या पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य खास गाडीने इथे आणून अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. सुरुवातीला वर्तमानपत्रसुद्धा आत येऊ दिले नाही. आझादांनी इथे मित्राला पत्रांमागून पत्रे लिहिली. ती टपालात कधी पडलीच नाहीत, पुढे 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकात आली. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली, तेव्हा ते इथेच बंद होते.

इकडे किल्ल्यात ही कोंडी, आणि तिकडे मुंबईत त्याच ऑगस्टच्या अखेरीस एक चोरटे केंद्र 42.34 मीटरवर बोलू लागले. काँग्रेस रेडिओ. उषा मेहता तेव्हा विशीतल्या विद्यार्थिनी. बरोबर बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी. पाठीशी राममनोहर लोहिया. यंत्र जुळवले नरिमन प्रिंटर या रेडिओ अभियंत्याने, आणि सामग्रीच्या बाबतीत 'शिकागो रेडिओ'च्या नानिक मोटवाने यांची मदत झाली, असे उषाताई पुढे सांगत. पोलिसांची शोधयंत्रे माग काढत होती, म्हणून केंद्र सारखे हलवावे लागे. सुरुवात चौपाटीजवळच्या इमारतीत, शेवट महालक्ष्मीजवळच्या पॅराडाइझ बंगल्यात. 12 नोव्हेंबर 1942 ला तिथे छापा पडला. ज्याने यंत्र जुळवले, त्याच प्रिंटरने पोलिसांना वाट दाखवली होती. खटला चालला. बाबूभाईंना 5 वर्षे, उषाताईंना 4, चंद्रकांत झवेरींना 1. विठ्ठलभाई झवेरी आणि नानिक मोटवाने सुटले.

आता कागदांकडे बघा. चोरट्या केंद्रवाल्यांनी कागद ठेवले असते तर ते पुरावा ठरले असते. मग त्या प्रक्षेपणांचा मजकूर आज आपल्याला कसा माहीत? सरकारी यंत्रणा ती ऐकून टिपून घेत होती म्हणून! ज्यांनी हे केंद्र बंद पाडले, त्यांच्याच फायलींत ते जिवंत राहिले. उषा ठक्कर यांनी 2021 साली काँग्रेस रेडिओवर पुस्तक लिहिले, तेव्हा पोलिसी नोंदी आणि न्यायालयाचे कागदच मुख्य आधार ठरले. न्यायालयाच्या कागदात मोटवाने निर्दोष आहेत. सहकाऱ्यांच्या आठवणीत ते साथीदार आहेत. दोन्ही खरे असू शकते. मुलाने वडिलांबद्दल सांगितलेले, सरकारने आरोपीबद्दल लिहिलेले आणि दुकानाच्या वहीत मालाची नोंद म्हणून आलेले, ही तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय माणूस दिसत नाही. घरच्या संग्रहाचे मोल इथे आहे, आणि त्याची मर्यादाही इथेच आहे. घराणे गौरवाचे कागद ठेवते आणि अडचणीचे जाळते. अभ्यासकाने हे गृहीत धरावे, आणि घराण्याने शक्य तेवढे कमी जाळावे.

आपल्या नगरचे काय? नगरच्या काही कुटुंबांचे कागद उत्तम अवस्थेत आहेत, पण ती कुटुंबे अमेरिकन होती. 1842 मध्ये इथून 'ज्ञानोदय' काढणाऱ्या मराठी मिशनची दप्तरे हार्वर्डला आहेत, त्याच मिशनमधल्या ह्यूम घराण्याचे कागद येलला. नगरच्या शाळांचा, दुष्काळांचा, छापखान्याचा अभ्यास करायला आमचा विद्यार्थी विमानाचे तिकीट शोधतो. उद्योगांत टाटांनी पुण्यात आणि गोदरेजांनी विक्रोळीत स्वतंत्र अभिलेखागार उभारले. ते मोठे लोक, असे आपण म्हणतो. पण ज्या जिल्ह्यात लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, ज्या शहरातून लूना मोपेड देशभर गेली, त्या जिल्ह्याला आपल्या उद्योगाचे कागद ठेवायला एक कोरडी खोली परवडत नाही, हे मी मान्य करणार नाही. आणि मला फक्त कारखानदार नकोत. रेडिओ दुरुस्त करणारे, यात्रेत आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत माईक लावणारे, एसटीडी बूथ चालवणारे, गावात पहिली केबल ओढणारे, या सगळ्यांनी या जिल्ह्याचे दळणवळण उभे केले. त्यांच्या पावतीपुस्तकांना अजून कोणी इतिहास म्हटलेले नाही.

कंपनी कायदा आठ वर्षांचे हिशेब ठेवायला सांगतो. नवव्या वर्षी रद्दीवाला येतो. भावंडांत वाटणी झाली की माळा रिकामा होतो. यंत्रे विकली जातात आणि वह्या तोलून जातात.

म्हणून काही कोरड्या सूचना. अमोनिया प्रिंटवरचे नकाशे उजेडात उडतात, ते गुंडाळी करून अंधारात ठेवा आणि लगेच फोटो काढा. फॅक्सचा गुळगुळीत कागद काही वर्षांत कोरा होतो, त्याची आजच झेरॉक्स काढा. टाचण्या आणि स्टेपल काढून टाका, त्या गंजून कागद खातात. लॅमिनेशन कृपा करून करू नका. जुन्या फिल्मच्या डब्याला आंबट वास येत असेल, तर फिल्म कुजू लागली आहे. तो डबा इतरांपासून वेगळा करा आणि जाणत्या माणसाला दाखवा. आणि मुख्य म्हणजे निवड करू नका. वडिलांचे मंत्र्यांबरोबरचे छायाचित्र कोणीही जपेल. मला न जमलेल्या यंत्राचे रेखाटन, परत आलेल्या मालाची तक्रार, कामगाराच्या उचलीची वही हवी आहे.

आपल्या शहरात 1960 पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या विश्वस्तांना आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे: उद्योग आणि दळणवळणाचा एक स्वतंत्र विभाग काढा. कागद घेताना देणाऱ्याशी लेखी करार करा. काही पेट्या वीस वर्षे उघडू नका असे कुटुंबाने म्हटले, तर ती अट पाळा; विश्वास बसला तरच पेट्या येतील. एका माणसाला यादी करायच्या कामासाठी पगार द्या. हौशी स्वयंसेवकांच्या भरवशावर अभिलेखागार चालत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि इथे बसलेल्या उद्योजकांना एवढेच: दिवाळीच्या साफसफाईत माळा उतरवाल, तेव्हा रद्दीवाल्याच्या आधी आम्हाला एक फोन करा. टेम्पो आम्ही घेऊन येऊ.