शुश्रूषा : माया आणि शिक्षण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इलेक्ट्रॉनिक सिटी येथे झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर नाट्य, संगीत, साहित्य यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र बेडपॅन, चादर आणि पाठीची जखम यांविषयी बोलणार आहोत. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांमागे हिंडत आम्ही या गावी आलो. शिक्षण बी. ए. पर्यंतचे, वैद्यकाशी संबंध नाही. पण घरच्या एका आजारपणाने जे शिकविले, ते आपणांपुढे ठेवावेसे वाटते.

ही इलेक्ट्रॉनिक सिटी 1978 मध्ये कर्नाटक सरकारच्या 'केऑनिक्स'ने कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या जमिनीवर उभारण्यास घेतली. उद्योगांसाठी वसलेल्या या भागात आज तरुण अभियंत्यांबरोबर त्यांचे आईवडीलही राहतात. सोलापूर-सांगलीकडील घराला कुलूप लावून ते मुलांकडे आले आहेत. दिवसभर मुलगा-सून कचेरीत. वृद्ध माणूस पडले, तर शस्त्रक्रियेची चिंता नाही. येथून बोम्मसंद्र्यापर्यंत मोठमोठी रुग्णालये आहेत. खरा प्रश्न सुरू होतो तो रुग्ण घरी परतल्यावर.

आमच्या मातोश्री न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर एका संस्थेकडून आम्ही 'ट्रेन्ड नर्स' मागविली. बाई प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या. आठव्या दिवशी आईच्या माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. दहाव्या दिवशी तेथील कातडी गेली. चौकशी करता कळले, की त्या बाई महिन्यापूर्वीपर्यंत होसूर रस्त्यावरील कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करीत होत्या. प्रशिक्षण दोन दिवसांचे; तेही गणवेश आणि वेळ पाळण्याविषयीचे. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावयाची असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आणि आम्ही तरी कोठे विचारले होते? कार्यालयात शिपाई नेमताना आम्ही मूळ प्रमाणपत्रे पडताळून पाहतो. जन्मदात्रीला ज्या हातांवर सोपविले, त्या हातांना काय येते, हे मात्र पाहिले नाही.

त्यानंतर आम्ही हा विषय समजावून घेतला. पांढरा गणवेश दिसला की आपण 'नर्स' म्हणतो. ते बरोबर नाही. परिचारिकेचे शिक्षण काही वर्षांचे असते आणि तिची नोंदणी राज्याच्या परिचर्या परिषदेकडे असते. शुश्रूषा-साहाय्यकाचे शिक्षण काही महिन्यांचे असते. 'जनरल ड्यूटी असिस्टंट' हा त्यांपैकी सर्वपरिचित अभ्यासक्रम; त्याचा आराखडा आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेने केलेला आहे. त्यासाठी पदवी लागत नाही. शेवटी लेखी आणि प्रत्यक्ष कामाचीही परीक्षा होते. हात कसे धुवावेत, ताप, नाडी व श्वास कसा मोजावा, रुग्णाला बसवून कसे भरवावे, स्नान कसे घालावे, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली का ठेवावी, हे तेथे शिकवितात. काय करू नये, हेही शिकवितात. इंजेक्शन देणे वा स्वतःच्या मनाने औषध बदलणे हे साहाय्यकाचे काम नव्हे. बिघाड वेळीच ओळखून परिचारिकेस वा डॉक्टरांस कळविणे, हे मात्र तिचेच काम.

दुसऱ्या बाई अशा शिकून आलेल्या होत्या. प्रथम त्यांनी टाचा, खुबे, कोपर, खांदे तपासले. डॉक्टरांना विचारून, दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून त्यांनी आईला आडव्या चादरीच्या आधाराने कुशीवर वळविले. वेळा वहीत लिहिल्या. त्या कानडी बोलणाऱ्या, आई मराठी. आई 'पाणी' म्हणे, त्या 'नीरु' म्हणत. 'नीर' तर आपलाही शब्द! 'नोवु' म्हणजे दुखणे, 'साकु' म्हणजे पुरे. अशा दहाबारा शब्दांवर दोघींचा संसार चालला. जखम भरावयास अडीच महिने लागले. त्यांतील एकेक दिवस आमच्या अज्ञानाचा दंड होता, आणि तो भरला आईने.

या कामास हलके मानण्याची आपली खोड जुनी आहे. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले आणि पुढे ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. त्या काळी घरंदाज स्त्रीने परक्या रुग्णाच्या अंगास हात लावावा, ही कल्पनाच समाजास सोसत नव्हती. तरीही विधवा स्त्रिया त्या वाटेने गेल्या आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्याआधी, 1897 च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करीतच निवर्तल्या. या दोघींच्या तसबिरींना आपण हार घालतो, आणि आपल्या आईचे मलमूत्र काढणाऱ्या बाईला वेगळ्या कपात चहा देतो. आमच्या घरीही, पहिले काही दिवस, तसाच कप होता. हे सांगताना मान खाली जाते.

मंडळास आमची नम्र विनंती तीन गोष्टींची आहे. सभासदांनी साहाय्यक नेमताना प्रमाणपत्र मागावे, आणि शिकलेल्या हातांना त्या शिक्षणाचा मोबदला द्यावा. पुरावा मागावयाचा आणि पैसे मात्र मोलकरणीचे द्यावयाचे, हा न्याय नव्हे. दुसरे, मंडळाने दरवर्षी या परिसरातील एका होतकरू मुलीचे, मग ती कोणत्याही भाषेची असो, प्रशिक्षण-शुल्क भरावे. तिसरे, एखाद्या रविवारी जाणकार परिचारिकेस बोलावून आपण सर्वांनी, विशेषतः पुरुषांनी, कूस बदलावयास शिकावे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, तेही मुख्यतः घरच्या माणसांची काळजी वाहणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठीच होते.

आईबापांवर माया आपण सारेच करतो. आमचीही माया कमी नव्हती. तरी जखम झालीच. मायेला शिक्षणाची जोड हवी, एवढेच सांगावयाचे होते.