व्रतापूर्वींचें एक वर्ष



सेमिनरी हिल्स ही टेकडी ज्यानें पाहिली नाहीं असा नागपूरकर विरळा. जिच्यावरून टेकडीला हें नांव पडलें त्या सेमिनरींत कॅथॉलिक पंथाचे धर्मगुरु तयार होतात, हेंहि पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु ह्याच पंथांत धर्मगुरूंहून निराळा असा व्रतस्थ पुरुषांचा एक वर्ग आहे, आणि त्यांच्या शिक्षणाची रीत स्वतंत्र आहे, हें आपणांपैकीं थोड्यांच्याच कानांवर आलें असेल. ह्या वर्गांतील माणसास ‘ब्रदर’, म्हणजे बंधु, म्हणतात. हे बंधु कसे घडविले जातात, ह्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. हा विषय मला पुस्तकांतून सुचला नाहीं. तो खापरखेड्याच्या एका घरांतून माझ्याकडे चालत आला.

खापरखेडा नागपूरच्या उत्तरेस, कन्हान नदीच्या परिसरांत आहे. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्र ह्यांवर तेथील पुष्कळ घरांचा संसार चालतो. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे पांच संच तेथें उभारलेले आहेत. अशा गांवीं माणसाची किंमतहि त्याच्या हातून काय निपजतें ह्यावरून ठरविण्याची संवय लागली, तर त्यांत नवल नाहीं.

तेथील एका फिटरचा मुलगा माझा विद्यार्थी. बारावी झाल्यावर तो ब्रदरांच्या एका संघांत उमेदवार म्हणून गेला. निघण्याच्या आदल्या दिवशीं त्याची आई मला म्हणाली, “गुरुजी, देवाकडे जायचंच तर फादर तरी व्हावं. फादर मिस्सा करतो, लग्न लावतो, लोक त्याला मान देतात. ब्रदर होऊन ह्याला काय मिळणार?” दोन वर्षें लोटलीं. व्रतापूर्वींच्या परीक्षाकाळांत, नवव्या महिन्यांत, मुलगा आपली पेटी घेऊन घरीं परत आला. वसाहतींत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे नापास झाला, कोणी म्हणे पळून आला. मुलगा दिवसां घराबाहेर पडेना. आई पुन्हां माझ्याकडे आली. ह्या वेळीं तिचा प्रश्न निराळा होता : “लोकांना काय सांगूं, गुरुजी?”

खरें सांगावयाचें तर मुलगा नापास झाला असेंच मलाहि वाटलें होतें. परंतु आपल्या विद्यार्थ्याविषयीं मत बनविण्यापूर्वीं ही परीक्षा कसली होती, एवढें तरी पाहावें, म्हणून मीं चौकशी आरंभिली.

प्रथम आईचा पहिला प्रश्न घेऊं. ब्रदर म्हणजे अर्ध्या वाटेंत अडलेला फादर नव्हे. धर्मगुरूस दीक्षाविधीनें अधिकार मिळतो. ब्रदर तो अधिकार मागतच नाहीं. अपरिग्रह, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन हीं तीन व्रतें घेऊन तो संघांत राहतो आणि शिकवितो, रुग्णांची सेवा करतो, शेती पाहतो, सुतारकाम करतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं स्पष्टपणें सांगितलें कीं, असें जीवन स्वतःच परिपूर्ण आहे, तें कशाची पायरी नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतच, मुंबईच्या बोरिवलींतील माउंट पोयसर येथें, १९०१ सालीं ब्रदर पॉलुस मोरित्झ ह्या जर्मन गृहस्थांनीं संत फ्रान्सिसच्या नांवानें मिशनरी ब्रदरांचा संघ स्थापन केला. केवळ ब्रदरांसाठीं स्थापिलेले असे इतर संघहि जगांत पुष्कळ आहेत.

आतां त्यांच्या घडणीविषयीं. घरून आलेला मुलगा आरंभीं केवळ उमेदवार असतो. संघांत राहावें, भाषा शिकावी, अभ्यास करावा, आपलें मन पाहावें, एवढेंच त्याचें काम. त्यानंतर ‘नॉव्हिशिएट’ म्हणजे व्रतापूर्वींचा परीक्षाकाळ येतो. चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेनें त्याचे नियम घालून दिले आहेत. वयाचीं १७ वर्षें पुरीं झाल्यावांचून त्यांत प्रवेश नाहीं. हा काळ १२ महिन्यांचा असावा लागतो आणि तो त्यासाठीं नेमलेल्या घरींच काढावा लागतो. ह्या काळांत तीन महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास सारें वर्ष व्यर्थ जातें. १५ दिवसांहून अधिक गैरहजेरी पडल्यास ती भरून द्यावी लागते. साधारणतः दोन वर्षांपलीकडे हा काळ लांबवितां येत नाहीं.

ह्या वर्षांत दिवस पहाटेच्या प्रार्थनेनें उजाडतो. ध्यान, मिस्सा, धर्मग्रंथाचें वाचन, संघाच्या नियमांचें आणि व्रतांच्या अर्थाचें अध्ययन, बागेंतील किंवा स्वयंपाकघरांतील कष्ट, ठराविक वेळीं मौन आणि रात्रीं दिवसभराच्या आचरणाची स्वतःशीं झडती, असा साधारण क्रम असतो. मार्गदर्शनासाठीं एक गुरु नेमलेला असतो. परंतु मला सर्वांत नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. ह्या घडणीस उपयोगी नसलेला कोणताहि अभ्यास किंवा कामगिरी ह्या काळांत मुलावर सोंपवूं नये, असा नियमच आहे! पदवी नाहीं, नोकरी नाहीं, संस्थेचा कारभार नाहीं. जो मुलगा पुढें शाळा चालवील, त्याला एक वर्षभर मुद्दाम निरुपयोगी ठेवावयाचें. कारण उघड आहे. कामाच्या गडबडींत मनुष्य आपणांपासून सहज लपूं शकतो. काम काढून घेतलें म्हणजे तो स्वतःच्या दृष्टीस पडतो.

आणि दृष्टीस पडल्यावर जर त्याला उमगलें कीं ही वाट आपली नव्हे, तर? तेव्हां त्यानें निघून जावें. नियमानेंच त्याला तशी मोकळीक दिली आहे. त्यानें अद्यापि व्रत घेतलेलें नसतें, तेव्हां व्रतभंगाचा प्रश्नच उद्भवत नाहीं. संघालाहि त्याला घरीं पाठवितां येतें. दार दोन्ही बाजूंनीं उघडें ठेवलेलें असतें.

ही रीत आजची नव्हे. सहाव्या शतकांत इटलींत संत बेनेडिक्ट ह्यांनीं मठाचे नियम लिहिले. नव्या माणसास सहज आंत घेऊं नये, त्याला कांहीं दिवस दारावर थांबवावें, पुढें एका वर्षांत तीनदां सारे नियम वाचून दाखवावे, आणि पाळवत असतील तर राहा, नसतील तर मोकळ्या मनानें जा, असें त्याला सांगावें, ही व्यवस्था त्यांत आहे. आपल्याकडेहि निराळें काय आहे? धंतोलीवरील रामकृष्ण मठ नागपूरकरांच्या परिचयाचा आहे. त्या संघांतहि संन्यासापूर्वीं ब्रह्मचारी म्हणून अनेक वर्षें काढावीं लागतात. जें जन्मभर पाळावयाचें तें घाईनें देऊं नये, हें शहाणपण कोणा एका धर्माच्या मालकीचें नाहीं.

नॉव्हिशिएट पुरें झाल्यावरहि व्रतें एकदम कायमचीं होत नाहींत. प्रथम तीं मुदतीचीं असतात. ही मुदत साधारणतः तीन ते सहा वर्षांची. विशेष कारणानें एकूण नऊ वर्षांपर्यंत वाढवितां येते. जन्माचें व्रत घेणाऱ्याचें वय निदान २१ वर्षें असावें लागतें.

ह्या परीक्षेंत परीक्षकहि गोंधळतात. कॅनडांतील आंद्रे बेसेत हा दुबळ्या प्रकृतीचा, जेमतेम अक्षरओळख असलेला तरुण १८७० सालीं होली क्रॉस संघाच्या नॉव्हिशिएटमध्यें आला. त्याची प्रकृति पाहून वरिष्ठ त्याला ठेवून घेण्यास कचरत होते. माँट्रिआलच्या बिशपांनीं त्याची बाजू घेतली आणि १८७४ सालीं त्यानें कायमचीं व्रतें घेतलीं. पुढें सुमारें ४० वर्षें त्यानें माँट्रिआलच्या एका विद्यालयाचें दार सांभाळलें. दाराशीं येणाऱ्या दुःखितांचें ऐकून घेणें, हीच त्याची साधना झाली. १९३७ सालीं तो वारला आणि २०१० सालीं चर्चनें त्याला संतपद दिलें. ज्याच्याविषयीं शंका होती तो राहिला; ज्याच्याविषयीं कोणालाच शंका नव्हती, असा एखादा परत जातो. बाहेरून पाहणाऱ्यानें निकाल देण्याची घाई करूं नये, हें बरें.

ही सारी माहिती घेऊन मी त्या घरीं गेलों. मुलगा समोर बसला होता. मीं त्याला विचारलें, “कोणी जा म्हणालें कां?” तो म्हणाला, “नाहीं गुरुजी. राहा असंच सांगत होते. पण मला कळलं कीं मी देवासाठीं गेलों नव्हतों. इथल्या धुरांतून सुटायला गेलों होतों. हें कळल्यावर व्रत घेतलं असतं तर तें खोटं झालं असतं.” खोलींत कोणी बोलेना. मग त्याचे वडील, जे फारसे बोलत नसत, म्हणाले, “गुरुजी, बॉयलर पेटवण्याआधीं आम्ही त्यांत पाणी भरून दाब देतों. रोजच्यापेक्षां जास्त दाब. गळती असेल तर तेव्हांच दिसते. पाण्यानं दाखवलेली गळती कोणाला भाजत नाहीं. तीच वाफेवर सांपडली तर माणसं जातात. गळती दिसली म्हणून टेस्ट वायां गेली असं आमच्यांत कोणी म्हणत नाहीं.”

माझ्या साऱ्या चौकशीहून ह्या फिटरचें बोलणें अधिक नेमकें होतें. त्यांत मीं एवढीच भर घातली कीं, बॉयलरची गळती दुसऱ्याला शोधावी लागते. ह्या मुलानें आपली आपणच शोधली आणि ती सांगण्याचें धैर्य दाखविलें. ज्या वर्षानें हें शिकविलें तें फुकट गेलें असें कसें म्हणावें? जो राहतो त्याची जशी तेथें घडण होते, तशीच जो खरेपणानें परत येतो त्याचीहि होते.

तो मुलगा आज वीजकेंद्रांत एका कंत्राटदाराकडे काम करतो आणि संध्याकाळीं वसाहतींतील मुलांना गणित शिकवितो. परवा त्याची आई भेटली. शेजारीण तिला पुन्हां तेंच विचारीत होती. आई म्हणाली, “तो विचारायला गेला होता. उत्तर मिळालं, म्हणून परत आला.” आणि पिशवी उचलून ती बाजाराकडे चालूं लागली.